नव्या खगोलीय वस्तूंचे नामकरण : लोणार तालुक्यात शिकताना आणि शिकवताना

खगोलशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला नामकरण हा विषय फावल्या वेळात वाचण्याचा वाटतो. माझ्या मते तो पहिल्या महिन्यातच हाती घ्यावा, कारण तारीख, वेळ, निर्देशक (आकाशातील स्थान सांगणारे आकडे) आणि नोंदवही या चारही गोष्टींची शिस्त त्यातून एकदम लागते. मी लोणार तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि लघुग्रह शोधणाऱ्या मुलामुलींचा एक गट चालवतो. 'इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन' या उपक्रमातून हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमा आम्हाला मिळतात. 'अ‍ॅस्ट्रोमेट्रिका' या सॉफ्टवेअरमध्ये त्या एकापाठोपाठ एक झळकू लागल्या की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा फिकट ठिपका मात्र सरळ रेषेत थोडा थोडा पुढे सरकतो. तो दिसताच वर्गातून पहिला प्रश्न येतो : "सर, याला माझ्या आजीचं नाव देता येईल का?"

लगेच देता येत नाही, आणि का देता येत नाही हे समजले की नामकरणाचा निम्मा अभ्यास होतो. लघुग्रहाला तीन टप्प्यांत ओळख मिळते. निदान दोन रात्रींची निरीक्षणे जुळल्यावर लघुग्रह आणि धूमकेतूंच्या जगभरातील नोंदी ठेवणारे मायनर प्लॅनेट सेंटर त्याला तात्पुरता संकेत देते. साधारणपणे चार प्रतियुतींमध्ये (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला येण्याच्या काळात) तो पाहिला जाऊन कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो. आणि त्यानंतरच शोधकर्त्याला नाव सुचवता येते. या प्रवासात सहज काही वर्षे जातात.

तात्पुरता संकेत उलगडण्यासाठी मी फळ्यावर '२००६ व्हीपी ३२' हे उदाहरण घेतो. सुरुवातीला वर्ष येते. पहिले अक्षर पंधरवड्याचे असते : जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, असे करत डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी वाय. यात आय हे अक्षर एकच्या आकड्यासारखे दिसते म्हणून वगळलेले आहे आणि झेडची गरज पडत नाही. व्ही हे एकविसावे अक्षर, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातील क्रम सांगते आणि त्यासाठी आय सोडून पंचवीस अक्षरे वापरतात. ती संपली की पुन्हा ए पासून सुरुवात होते आणि किती फेऱ्या झाल्या तो आकडा पुढे लिहितात. बत्तीस फेऱ्यांचे ८०० आणि पी हे पंधरावे अक्षर, म्हणून ही त्या पंधरवड्यातील ८१५वी नोंद. या लघुग्रहाला पुढे ३००१२८ हा क्रमांक मिळाला आणि २०१९ मध्ये त्याचे नाव 'पंडितजसराज' असे जाहीर झाले. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३०चा आहे. क्रमांकाचे दोन-दोन अंक उलट क्रमाने वाचून पाहावेत.

इथे नवख्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ही तारीख जागतिक वेळेची (यूटी, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असते. १६ जानेवारीच्या पहाटे ३ वाजता आपण आपल्या वावरात उभे राहून काही टिपले, तर जागतिक वेळेनुसार तेव्हा १५ जानेवारीचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि पंधरवड्याचे अक्षर बी नसून ए येते. म्हणून नोंदवहीत भारतीय वेळेचा रकाना ठेवायचाच असेल तर तो जागतिक वेळेच्या शेजारी असावा, तिच्या जागी नसावा.

आता स्वतः पद्धत रचायची झाल्यास कसोटी कोणती? माझे मत असे की नावात तेवढेच घालावे जे पुढे कधीही बदलणार नाही, आणि ती वस्तू काय असावी याबद्दलचा आपला अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवावा. आकाशात नव्याने उजळलेल्या ठिपक्याला २०१६ पासून आधी 'एटी' हा उपसर्ग मिळतो आणि त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून तो अतिनवतारा (सुपरनोव्हा, स्फोट झालेला तारा) असल्याचे ठरले तरच 'एसएन' लागतो. वर्ष आणि त्यापुढची अक्षरे मात्र तीच राहतात. धूमकेतूंचेही तसेच आहे. आवर्ती धूमकेतूचा 'पी' तो हरवला किंवा नष्ट झाला तर 'डी' होतो, पण नोंदीचा मूळ भाग हलत नाही. अंदाज बदलला तर उपसर्ग तेवढा बदलावा लागतो, ही या रचनेतली खरी हुशारी आहे.

निर्देशकांवरून पाडलेल्या नावांत ही कसोटी अधिक बारकाईने पाहता येते. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्याने निर्देशक कोणत्या वर्षाचे आहेत हेही सांगावे लागते. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा) १९५०च्या निर्देशकांनुसार 'बी १९१९+२१' म्हणून ओळखला जातो आणि २०००च्या निर्देशकांनुसार 'जे १९२१+२१५३' म्हणून, म्हणजे विषुवांश (आकाशातले जणू रेखांश) १९ तास २१ मिनिटे आणि क्रांती (जणू अक्षांश) उत्तरेला २१ अंश ५३ कला, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. बी आणि जे ही अक्षरे नसती तर हे दोन वेगळे पल्सार वाटले असते. निर्देशक नावात घालताना उरलेले अंक छाटायचे असतात, जवळच्या पूर्णांकात न्यायचे नसतात, ५३.९ कला असल्या तरी नावात ५३च येते. पुढे अधिक अचूक मोजमाप मिळाले तरी नाव तसेच राहते, कारण नावाकडे बघून कोणी दुर्बीण रोखत नाही, त्यासाठी यादीतले निर्देशक असतात.

दुसरा प्रश्न जागा पुरण्याचा. एकोणिसाव्या शतकात जर्मन खगोलशास्त्रज्ञ आर्गेलांडर यांनी प्रत्येक तारकासमूहातील रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांना आर पासून झेडपर्यंतची नऊ अक्षरे दिली. ती अपुरी पडली तेव्हा आरआर ते झेडझेड आले, मग एए ते क्यूझेड आले, आणि ३३४ नावे संपल्यावर शेवटी 'व्ही ३३५' असे साधे आकडे सुरू करावे लागले. आकाशाचे सतत सर्वेक्षण करणाऱ्या चिलीतील रुबिन वेधशाळेकडून रात्रीला सुमारे एक कोटी बदलांच्या सूचना अपेक्षित आहेत, तेव्हा आज पद्धत रचणाऱ्याने अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोठी जागा राखून ठेवावी.

आमच्या गटाची पद्धत साधी आहे. मायनर प्लॅनेट सेंटरच्या निरीक्षणे कळवण्यासाठी वर्षानुवर्षे रूढ असलेल्या ८० जागांच्या ओळीत ६ ते १२ या सातच जागा तात्पुरत्या नावासाठी असतात. त्यामुळे तीन अक्षरे गटाची आणि चार आकडे क्रमाचे, तेही आधीची शून्ये लिहून, म्हणजे संगणकाने यादी लावली तरी क्रम बिघडत नाही. ठिपका जुन्याच लघुग्रहाचा निघाला किंवा कॅमेऱ्यातला दोष ठरला तरी तो क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीही द्यायचा नाही. वहीत त्यापुढे कारण लिहून ठेवायचे. कुणी नावातच 'वेगवान' किंवा 'अंधुक' असे सुचवले की मी ते शेऱ्याच्या रकान्यात टाकायला लावतो. याच सात जागांत बसावे म्हणून '२००६ व्हीपी ३२'चे आटोपशीर रूप 'के०६व्ही३२पी' असे होते, ज्यात के म्हणजे २००६ मधले वीस. मुलांनी हे रूपांतर हाताने करून पाहिले की पुढे प्रोग्राम लिहिताना अडखळत नाहीत.

पर्यायी नावांचा रकाना मात्र पहिल्या दिवसापासून हवा. घरात 'वडाचं वावर' म्हटले की सगळ्यांना कळते, पण तलाठ्याकडे गट नंबर लागतो, आणि जुना सर्व्हे नंबर व नवा गट नंबर यांचा मेळ दाखवणारा कागद ज्याने जपला त्याचेच काम लवकर होते. व्याधाला अल्फा कॅनिस मेजोरिस, ९ कॅनिस मेजोरिस आणि एचडी ४८९१५ अशी किती तरी नावे आहेत. लघुग्रहांच्या बाबतीतही वेगवेगळ्या वर्षांत दिलेले दोन संकेत एकाच वस्तूचे असल्याचे नंतर उघड होते. तेव्हा एक मुख्य ठरतो, पण दुसरा खोडला जात नाही.

विदर्भातल्या मुलांना हे नियम दूरचे वाटू नयेत म्हणून दोन उदाहरणे मी आवर्जून देतो. उल्कापाषाणाला तो जिथे सापडला त्या ठिकाणाचे नाव मिळते. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात पडलेल्या पाषाणाचे जगभर रूढ असलेले नाव 'काटोल' आहे, आणि त्याचे सगळे तुकडे त्याच एका नावाखाली येतात. अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी, जिथे गावे नाहीत आणि पाषाण पुष्कळ, तिथे प्रदेशाच्या नावापुढे वर्ष आणि क्रमांक लावतात, जसे 'अ‍ॅलन हिल्स ८४००१'. मंगळावरील लहान विवरांना पृथ्वीवरील छोट्या गावांची नावे देण्याचा नियम आहे आणि तिथल्या एका विवराचे नाव 'लोणार' आहे. हे सांगितले की मागच्या बाकांवरही कान टवकारले जातात.

आता आजीच्या नावाकडे येऊ. क्रमांक मिळाल्यानंतर शोधकर्त्याला दहा वर्षे नाव सुचवण्याचा अधिकार असतो. नाव १६ अक्षरचिन्हांपेक्षा लांब नसावे, शक्यतो एका शब्दात असावे, उच्चारता यावे आणि आधीच्या नावाशी फार मिळतेजुळते नसावे. राजकीय किंवा लष्करी व्यक्तीचे नाव मृत्यूनंतर शंभर वर्षे झाल्याशिवाय चालत नाही, व्यापारी नाव चालत नाही, पाळीव प्राण्याचे नाव देऊ नये असे सांगितले जाते. आजीला यात कुठेही मज्जाव नाही. पैसे घेऊन ताऱ्याला नाव देणारी प्रमाणपत्रे मात्र आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना मानत नाही, त्यांवर एक रुपयाही घालवू नये. प्राथमिक नोंद मिळताच 'गावच्या मुलाने ग्रह शोधला' अशी बातमी छापून आणण्याची घाईही टाळावी. उपक्रमाकडून आलेल्या पत्रात 'प्राथमिक' लिहिले असेल तर बातमीतही तोच शब्द यावा.

या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्याने बीएस्सीच्या पहिल्या वर्षातच गोलीय निर्देशक आणि पायथन ही दोन साधने हाताखाली घालावीत. पहिला प्रोग्राम लहानच असू द्या : भारतीय तारीख आणि वेळ घ्यायची, जागतिक वेळ काढायची आणि पंधरवड्याचे अक्षर सांगायचे. तो ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी आणि १ जानेवारीच्या पहाटेसाठी आवर्जून चालवून पाहा, कारण तिथे अक्षराबरोबर वर्षही बदलते.