कागदावरचा एका मुलाचा रस्ता: अर्ली इंटरव्हेन्शनच्या आंतरराष्ट्रीय कामात येणाऱ्यांसाठी

फिजिओथेरपी शिकताना मला वाटायचं, लहान मुलाला मदत करायची तर आपले हात तयार हवेत. पहिली काही वर्षं तशीच गेली. मूल केंद्रात यायचं, मी स्नायूंचा ताण बघायचे, आईला व्यायाम दाखवायचे, पुढची तारीख द्यायचे. त्या तारखेला बरीच मुलं यायचीच नाहीत. ती जातात कुठे, हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच सुमारास एका देशात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या, विकासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शनची, म्हणजे अशा मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना लवकरात लवकर मदत पोचवण्याची, राष्ट्रीय यंत्रणा उभारायचं काम सुरू होत होतं. त्यासाठी चार देशांतल्या लोकांचा गट बनला आणि मी त्यात सामील झाले.

पहिल्याच बैठकीतली एक गोष्ट सांगते. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी बाईंनी लांबलचक कागद जमिनीवर अंथरला. एका टोकाला लिहिलं ‘जन्म’, दुसऱ्या टोकाला ‘शाळेचा पहिला दिवस’. आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याण या तिन्ही खात्यांच्या माणसांच्या हातात वेगवेगळ्या रंगांचे पेन दिले आणि म्हणाल्या, “सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण) असलेलं एक मूल घ्या. त्याला कोण, कधी, कुठे भेटतं ते काढा.” पहिल्या काही महिन्यांत आरोग्य खात्याच्या रेघा दाटीवाटीने आल्या. नवव्या महिन्याच्या आसपास ‘रेफरल चिठ्ठी दिली’, म्हणजे पुढच्या सेवेकडे पाठवणारी चिठ्ठी दिली, असं लिहिलं गेलं. त्यापुढे जवळजवळ दीड वर्ष कागद कोरा होता. चिठ्ठी आईच्या हातात होती. ती कुठे पोचली का, हे बघणं तिन्ही खात्यांपैकी कुणाचंच काम नव्हतं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मला माझ्या केंद्रात न आलेली मुलं आठवली.

यंत्रणा म्हणजे हा कोरा भाग भरणं, असं मी तेव्हापासून समजते. नव्याने येणाऱ्याला वाटतं, केंद्रं बांधली, थेरपिस्ट नेमले, स्क्रीनिंगचा, म्हणजे मुलांच्या प्राथमिक चाचणीचा, फॉर्म छापला की झालं. या सगळ्याची गरज आहेच. पण स्क्रीनिंग करून पुढे काहीच मिळत नसेल, तर पालकांच्या पदरात फक्त काळजी पडते.

इतर देशांचे कायदे या नजरेने वाचा. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे रेफरल आल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन होऊन मुलाच्या सेवांची योजना ठरवायला कुटुंबासोबत पहिली बैठक व्हावी असा नियम आहे. प्रत्येक कुटुंबाला एक समन्वयक मिळतो आणि प्रत्येक राज्याला या कामासाठी एक जबाबदार खातं ठरवावं लागतं. पोर्तुगालमध्ये सुरुवात कोइंब्रा जिल्ह्यातून झाली, १९८९ मध्ये. आरोग्य, शिक्षण आणि समाजसुरक्षा यांची माणसं एकाच टीममध्ये बसू लागली. १९९९ मध्ये मंत्रालयांचा संयुक्त आदेश निघाला आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय कायदा आला २००९ मध्ये. एका जिल्ह्यातून देशभर पोचायला वीस वर्षं लागली. तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा असेल, तर हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उलट बाजूचा अनुभवही सांगायला हवा. घरी जाऊन पालकांनाच मुलाला शिकवायला मदत करणारी पोर्टेज पद्धत अनेकांनी ऐकली असेल. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या ग्रामीण भागात ती सुरू झाली. मुलं दूरदूर विखुरलेली होती, म्हणून शिक्षकच आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागले. पुढे ती ब्रिटन, जपान आणि इतर अनेक देशांत गेली. मी काम केलेल्या एका प्रकल्पात तिची चेकलिस्ट छान भाषांतरित झाली, प्रशिक्षणही झालं, पण घरोघरी जायचा वेळ कुणाच्याच कामाच्या तासांत धरलेला नव्हता. चेकलिस्ट केंद्रातल्या कपाटात राहिली. दुसऱ्या देशाची पद्धत उचलण्याआधी ती कोणत्या अडचणीवरचं उत्तर होती ते शोधा. तुमची अडचण वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघेल.

भाषांतराकडे तर फारच लक्ष द्या. गृहभेटीसाठी निवडलेल्या शब्दाचा अर्थ तिथल्या बोलीत ‘तपासणी’ असा होत होता. आम्हाला ते दोन महिन्यांनी कळलं, तेही एका आजीमुळे. आपलं मूल काढून नेतील या भीतीने ती दार उघडत नव्हती. शब्द बदलला, पत्रकं पुन्हा छापली. तेव्हापासून कुठलाही मसुदा पक्का करण्याआधी तीन-चार पालकांना मोठ्याने वाचून दाखवायचा, हा माझा नियम आहे. पालकांना गटात मानधनासह जागा द्या, केवळ उद्घाटनाला बोलावू नका.

आता माझ्या स्वतःच्या हातांबद्दल. सहकारी देशातल्या एका थेरपिस्टच्या गृहभेटीचा व्हिडिओ आम्ही एकत्र पाहिला. पहिली वीस मिनिटं तिने मुलाला हातही लावला नाही. मला बसवेना, कारण मुलाच्या खुब्यांची स्थिती मला स्क्रीनवरूनही खटकत होती. तिने आईला विचारलं, “दिवसातली सगळ्यात अवघड वेळ कोणती?” आई म्हणाली, “अंघोळ.” मग तिघं न्हाणीघरात गेली. टॉवेलची गुंडाळी मुलाच्या पाठीशी कशी ठेवायची हे दोघींनी मिळून शोधलं आणि आईचा एक हात मोकळा झाला. ती हसली, मुलाने पाण्यात हात मारला. हा सराव आता रोज होणार होता, कुणी थेरपिस्ट नसताना. मी व्हिडिओ तीनदा पाहिला.

कामाला लागायचं असेल तर आधी निदान तीन-चार वर्षं थेट कुटुंबांसोबत काढा. मंत्रालयातल्या टेबलावर त्याच घरांचा आधार असतो. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी मांडलेली ‘नर्चरिंग केअर’ची चौकट वाचा. आरोग्य, पोषण, सुरक्षितता, प्रतिसादी संगोपन आणि लवकर शिकण्याच्या संधी हे तिचे पाच भाग तिन्ही खात्यांना एका टेबलावर आणायला फार उपयोगी पडतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं २६ वं कलमही वाचा. शक्य तितक्या लवकर सेवा सुरू व्हाव्यात असं त्यात म्हटलं आहे आणि करार मंजूर केलेल्या सरकारशी बोलताना ते हाताशी हवं. अंदाजपत्रक वाचायलाही शिका. मला ते उशिरा जमलं. पगार प्रकल्पाच्या पैशांतून आहे की खात्याच्या मंजूर पदातून, हे पहिल्या महिन्यातच विचारा. आमचे दोन उत्तम समन्वयक निधी संपताच गेले आणि त्यांच्या ओळखीची घरं पुन्हा एकटी पडली.

त्यानंतर समन्वयकाचं पद खात्याच्या यादीत घालायला आम्हाला अडीच वर्षं लागली. आता चिठ्ठीची एक प्रत आईकडे असते, दुसरी समन्वयकाकडे. त्यावर पहिल्या गृहभेटीची तारीख आणि जाणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय ती फाइलला लागत नाही. दर महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत आम्ही आधी रेफरल ते पहिली भेट यांतले दिवस मोजतो, आणि भेट न झालेल्या मुलांची यादी एकेक करून वाचतो.