सिमेंट बोर्डाच्या बाहेरच्या भिंतीला कोणतं प्लास्टर चालतं?

स्लॅबवर वाढीव खोली, रस्त्याकडेचा गाळा, शेतातल्या घराची टिनाऐवजी भिंत अशा कामांत लोखंडी फ्रेमवर सिमेंट बोर्ड लावणं सोयीचं पडतं. घोळ होतो तो प्लास्टरच्या वेळी. गवंडी बोर्डावर चिकन मेश (तारेची जाळी) खिळतो आणि विटांच्या भिंतीसारखा एकास चारचा रेती-सिमेंट गिलावा चढवतो. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आला की बोर्डाच्या सांध्यांवर बरोबर चौकटी-चौकटीच्या भेगा उमटतात, पावसाळ्यात त्यातून पाणी शिरतं आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात.

कारण साधं आहे. आठ बाय चार फुटी बोर्डावर १५ मिलिमीटर गिलावा म्हणजे जवळपास ९० किलो वजन, आणि ८ मिलिमीटरचा तो बोर्ड स्वतः ३०-३५ किलोचा. शिवाय बोर्ड पावसात फुगतो, उन्हात आकसतो. वरचा ताठ गिलावा त्याच्यासोबत हलत नाही, मग सांध्यावर तुटतो. म्हणून बोर्डाला पातळ, लवचीक थर लागतो: पॉलिमर बेस कोट (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा खालचा थर), त्यात दाबलेली फायबर ग्लासची जाळी आणि वरून टेक्स्चर (दाणेदार शेवटचा थर).

सुरुवात बोर्ड ओळखण्यापासून करा. फायबर सिमेंट बोर्डावर किंवा बिलावर आयएस १४८६२ (या बोर्डाचं भारतीय मानक) आणि टाइप ए, म्हणजे बाहेरच्या वापराचा, असं लिहिलेलं हवं. टाइप बी घराच्या आतला माल आहे. पार्टिशन आणि सीलिंगसाठी तोच विकला जातो, स्वस्त म्हणून बाहेर लावू नका. कापलेल्या कडेला लाकडाच्या चिपा दिसल्या तर तो सिमेंट बाँडेड पार्टिकल बोर्ड. तो ओलाव्याने जास्त हलतो, त्यामुळे त्याच्या कंपनीने बाहेरच्या प्लास्टरला लेखी होकार दिला असेल तरच घ्या. पांढरट, गुळगुळीत मॅग्नेशियम बोर्ड टाळलेलाच बरा. त्यातलं क्लोराइड दमट हवेत पाणी ओढून घेतं आणि स्क्रू गंजवतं. डेन्मार्कमध्ये २०१० नंतर बांधलेल्या कितीतरी इमारतींवरून असे बोर्ड याच कारणाने उतरवावे लागले. जिप्सम बोर्डाचा तर बाहेर प्रश्नच नाही.

मग बोर्डावर चमचाभर पाणी टाका. लगेच शोषलं तर बोर्ड बेस कोटमधलंही पाणी ओढून घेईल आणि थर भुकटी होईल. आधी ॲक्रिलिक प्रायमर मारावाच लागेल. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर बोर्डाला कारखान्यातच पाणीरोधक लेप आहे. तिथे साधा प्रायमर धरत नाही, बोर्ड-कंपनीने सांगितलेलाच लागतो.

बेस कोट घेताना पिशवीवर किंवा माहितीपत्रकावर ‘फायबर सिमेंट बोर्ड’ हे शब्द शोधा. ‘वीट, ब्लॉक आणि काँक्रीटसाठी’ एवढंच असेल तर ठेवून द्या. टाइल चिकटवण्याची पावडर हा पर्याय नाही. वॉल पुट्टी तर मुळीच नाही. ती जेमतेम दीड मिलिमीटरपर्यंत लावायची वस्तू, जाळी पोटात घेण्याइतकी जाडी तिला पेलत नाही. जाळी अल्कली-रोधक (सिमेंटच्या क्षाराने न कुजणारी), चौरस मीटरला १४५ ते १६० ग्रॅमची हवी. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची ४५-६० ग्रॅमची जाळी तशीच पांढरी दिसते, म्हणून बंडलावरचं लेबल वाचा. प्रायमर, बेस कोट, टेक्स्चर एकाच कंपनीचं घेतलं तर उत्तम; भेग पडल्यावर तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला नको.

पूर्ण माल उचलण्याआधी एक पिशवी आणून चाचणी घ्या. बोर्डाच्या तुकड्यावर प्रायमर, बेस कोट लावा आणि चार इंच रुंद, फूटभर लांब जाळीची अर्धी पट्टी त्यात दाबा, अर्धी मोकळी लोंबू द्या. सात दिवसांनी ते मोकळं टोक सरळ बाहेर खेचा. जाळी सुटली आणि बेस कोट बोर्डावर राहिला, तर जोडी जमली. अख्खा थर निघून कोरा बोर्ड दिसला, तर प्रायमर किंवा बेस कोट बदला.

शंभर चौरस फुटांना ५ मिलिमीटर जाडीसाठी २५ किलोच्या साधारण तीन पिशव्या, जाळी साडेदहा चौरस मीटर आणि दीड मिलिमीटर दाण्याचं टेक्स्चर २०-२५ किलो लागतं.

फ्रेमच्या उभ्या पट्ट्या १६ इंचांवर ठेवा, २४ वर नको. बोर्डांत ३-४ मिलिमीटर फट, सांधे विटांसारखे चुकवलेले. खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत सांधा आणू नका, तिथे बोर्ड इंग्रजी एलच्या आकारात कापा. सांधे बोर्ड-कंपनीच्या लवचीक फिलरने भरून जाळीची पट्टी मारा. मग ३ मिलिमीटर बेस कोट, तो ओला असतानाच गुरमाळ्याने जाळी दाबा, कडा चार इंच एकावर एक घ्या, वरून उरलेले २ मिलिमीटर. आधी बोर्डावर कोरडी जाळी ठोकून वरून थापणारे मिस्त्री भेटतात. तशी जाळी बोर्डालाच टेकून राहते, भेग अडवत नाही. खिडकी-दाराच्या चारही कोपऱ्यांना तिरपा तुकडा आधी लावा, भेग तिथूनच निघते.

जुनी विटांची भिंत आणि नवा बोर्ड जिथे भेटतात तिथून प्लास्टर सलग नेऊ नका. काळ्या मातीत पाया पावसाळ्यात उचलतो, उन्हाळ्यात बसतो आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात. तिथे १० मिलिमीटर फट सोडून फोमची दोरी आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे फट बुजवायची लवचीक पेस्ट, भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. सलग भिंतीतही दर १५-१६ फुटांवर असाच सांधा द्या. बोर्डाचं खालचं टोक जमिनीपासून किमान सहा इंच वर हवं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी बेस कोटमध्ये घालू नका. पांढरे फुलोरे येतात, स्क्रू गंजतात. पिण्याचं पाणी वापरा.

या मालाला साधारण ५ ते ३५ अंश तापमान मानवतं, त्यामुळे दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ बरा. तेव्हाच कापूस वेचणी असते, माणसं आधी बोलून ठेवा. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर, आणि वर शेडनेट. बेस कोटला मिलिमीटरमागे एक दिवस वाळू द्या, मग फिकट रंगाचं टेक्स्चर. ऑइल पेंट मारला तर आतला ओलावा कोंडून फोड येतात आणि गडद रंगाची भिंत मे महिन्यात जास्त तापते, तितकी जास्त हलते.