लिफ्ट केलेल्या गाडीला चाकं घेण्याआधी

लिफ्ट केलेल्या, म्हणजे किट लावून बॉडी उचललेल्या गाडीला आधी टायर ठरवा, रिम मागाहून. दुकानात नेमकं उलटं होतं. भिंतीवरची चकाकती मॅगव्हीलं बघून माणूस २० इंचावर बोट ठेवतो आणि मग त्यात बसेल तो पातळ टायर घेऊन बाहेर पडतो. खड्ड्याचा मार टायरची बाजूची भिंत झेलते, आणि उंची तीच ठेवून रिम मोठी केली की ती भिंतच कमी होते. आपल्या रस्त्यांना १६ किंवा १७ ची रिम पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग महिनाभराच्या फेऱ्या कागदावर मांडा. कोल्हापूर-कागल, पुण्याचा हायवे, शनिवारी पन्हाळा, सगळं डांबरच. दाजीपूरकडची तांबडी माती वर्षातून मोजक्या वेळा. म्हणून ऑल टेरेन घ्या, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारा टायर. खास चिखलासाठीच्या मड टेरेनच्या रुंद खाचा चिखल झटकून टाकतात हे खरं, पण पावसात करूळ घाटाच्या ओल्या वळणावर ब्रेक मारला की रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातला चिखल डांबरावर आणतात, तेवढ्याला ऑल टेरेन पुरून उरतो.

आता उंचीचा हिशेब, स्वतः बसून करा. थारच्या १६ इंची रिमला मूळ टायर २४५/७५ आर १६. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, तिच्या ७५ टक्के म्हणजे एका बाजूची भिंत. तिची दुप्पट अधिक रिम (१६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर), मिळून उंची साधारण ७७४ मिलिमीटर. २८५/७० आर १७ घातला तर ८३१. फरक ५७ चा, पण ॲक्सल वर येतो त्याच्या निम्मा, २८ मिलिमीटर. लिफ्ट किटनं बॉडी वर जाते. मागचा डिफरन्शिअल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, दगडापासून वर उचलतो तो फक्त टायर. या २८ मिलिमीटरची किंमतही आहे: मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८६ च्या आसपास असेल, पिकअप मंदावेल, ब्रेकवर ताण येईल.

लिफ्ट केली म्हणजे मोठा टायर घासणार नाही, हे अर्धसत्य आहे. गाडी उभी असते तेव्हा जागा भरपूर दिसते. पण स्प्रिंग पूर्ण दबली की चाक पूर्वी जिथवर जायचं तिथवरच जातं, बंप स्टॉप (चाकाचं वर येणं अडवणारे रबरी ठोकळे) वाढवले नसतील तर. माझ्या पहिल्या सेटनं दुकानात कुठेच स्पर्श केला नव्हता. चार माणसं आणि सामान भरून भुईबावडा घाटाच्या वळणांवर आत मडगार्डला घासायला लागला. म्हणून गाडी भरा, एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि मगच पैसे द्या.

रिम घेताना पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), सेंटर बोअर (मधलं भोक) आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते) हे तिन्ही आकडे लिहून न्या. फॉर्च्युनरला सहा बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर, जिम्नीला पाच; नुसतं ‘बसतंय की’ ऐकून घेऊ नका. रिम जितकी बाहेर निघते तितका बेअरिंगवर भार वाढतो. लेथवर स्पेसर, म्हणजे रिम बाहेर काढणारी मधली चकती, करून देणारे उद्यमनगरात हुशार कारागीर आहेत, तरी घाट उतरणाऱ्या गाडीला मी स्पेसर लावणार नाही.

टायरवर लोड इंडेक्स, म्हणजे भार पेलण्याचा आकडा, मूळच्यापेक्षा कमी नको. टायरच्या भिंतीवर डॉट (DOT) लिहिलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. फोर बाय फोर असेल तर पाचही सारखेच घ्या, स्टेपनीसकट. वेगळ्या उंचीचं एक चाक ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला, त्रास देतं. मोठी स्टेपनी मागच्या दाराच्या बिजागऱ्या पेलतील का, तेही बघा.

मोटार वाहन कायदा १९८८, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचा, आरटीओत आणि विमा कंपनीत लिफ्टबद्दल आधी विचारा. हे अपघातानंतर विचारायचं नसतं.

बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी. नट शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुन्हा आवळायचे. गगनबावड्याला जाऊन आलात की तेवढं अंतर भरतंच.