डॅफ ३३, ४४, ५५: बेल्टला हात लावण्याआधी या चुका टाळा

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या डॅफ या मोटार कंपनीने १९५८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ‘डॅफ ६००’ मांडली. पुढच्या बाजूला ५९० सीसीचं दोन सिलिंडरचं एअरकूल्ड इंजिन, मागच्या चाकांपाशी दोन रबरी व्ही-बेल्ट, क्लचचं पेडल नाही, गिअर बदलायची भानगड नाही. बेल्टची हीच यंत्रणा, ‘व्हेरिओमॅटिक’, पुढे ३३, ४४ आणि ५५ मध्ये आली. गिअरलेस स्कूटर उघडून पाहिलेल्याला सगळं ओळखीचं वाटतं: सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा), रुंद-अरुंद होणारी पुली, बेल्ट. पण स्कूटरला बेल्ट एक आणि चालवायचं चाकही एकच. इथे दोन्ही जोडीने आहेत, आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो.

एकच बेल्ट बदलणं. ही चूक सगळ्यात महाग पडते. या तिन्ही मॉडेलांत मागे डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा भाग) नाही. डाव्या बेल्टवर डावं चाक, उजव्यावर उजवं. दोघांना फिरवणारा पुढचा शाफ्ट मात्र एकच. वळणावर दोन्ही बाजूंच्या पुल्या आपापला रेशो (इंजिन आणि चाकाच्या फेऱ्यांचं प्रमाण) थोडा बदलून घेतात, म्हणून हे जमतं. त्यासाठी दोन्ही बेल्ट सारख्याच रुंदीचे आणि लांबीचे हवेत.

एका ४४ चा डावा बेल्ट तुटला. उजवा ‘अजून चांगला दिसतोय’ म्हणून मालकाने फक्त डावा नवा घातला. झिजलेला बेल्ट अरुंद झालेला असतो, तो पुलीत खोल बसतो आणि ताण कमी धरतो. चढावर तो घसरायला लागला, तापला, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या. मागून शिट्टीसारखा आवाज यायला लागल्यावर गाडीवाल्याने बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे मारला. त्यावर धूळ बसली, पुलीचे चेहरे, म्हणजे बेल्ट घासतो ते पृष्ठभाग, खराब झाले. मग ताण वाढवला, तेव्हा नवा बेल्ट गरजेपेक्षा घट्ट झाला. शेवटी जोडी नवी घ्यावीच लागली. म्हणजे दोनाच्या जागी तीन बेल्टचे पैसे गेले.

बेल्ट जोडीनेच घ्या, एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी. जुने काढल्यावर पुलीचे चेहरे डीग्रीझरने पुसा आणि नख फिरवून चर पडलेत का ते बघा. उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे गंज धरतो. तो बारीक एमरीने हलक्या हाताने काढा, नाहीतर नवा बेल्ट किसला जाईल. तेलाचा ओशटपणा दिसला तर काम थांबवा, आधी गळकं ऑइल सील बदला. ताण लावल्यावर गाडी काही मीटर पुढे-मागे ढकला, बेल्ट जागेवर बसू द्या, मग पुलीच्या दोन तबकड्यांमधलं अंतर पुन्हा मोजा. न ढकलता घेतलेलं माप खोटं असतं. अंतराचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, ३३ चा ४४ ला लावू नका. काहीशे किलोमीटरनंतर परत तपासा. ही शेवटची पायरी घाईतली मंडळी हमखास गाळतात.

एक बेल्ट तुटला तरी दुसऱ्यावर गाडी सावकाश घरी येते, फक्त तुटलेल्याचे तुकडे आधी काढून टाका. याचा अर्थ महिनाभर तशीच हाकायची असा नाही.

आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाची चाल) आणि व्हॅक्यूम (इंजिनाच्या हवा ओढण्याने होणारी पोकळी) न बघता पुल्या उघडणं. इंजिन ओरडतंय, पण वेग वाढत नाही. लगेच निदान होतं: ‘बेल्ट गेला.’ नव्वद टक्के आत्मविश्वास, शून्य तपासणी. पुल्यांचा रेशो दोन गोष्टी ठरवतात: फिरणारी वजनं आणि इंजिनमधला व्हॅक्यूम. हलक्या एक्सलेटरवर व्हॅक्यूम जोरात असतो, तो पुलीच्या डब्यातला रबरी पडदा ओढतो आणि गाडी वरच्या रेशोत जाते. पूर्ण एक्सलेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि रेशो खाली येतो. हा व्हॅक्यूम पुढच्या इंजिनापासून मागे नेणारा पाइप गाडीच्या पोटाखालून जातो. त्याचं रबर कुठे चिरलं की गाडी खालच्याच रेशोत रेंगाळते.

वर त्याच चिरेतून इंजिन हवा ओढतं आणि आयडलिंग बिघडतं. वाढलं, तर क्लचचे शू उभ्या गाडीतच चिकटायला लागतात, गाडी आपोआप सरकते आणि पुढे-मागेचा दांडा टाकताना आतले दात कडकडतात. मग कोणीतरी कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून आयडलिंग उतरवतं. आता गाडी सिग्नलला बंद पडते, आणि मूळ चीर तिथेच.

क्रम असा ठेवा: आधी पाइप, मग व्हॅक्यूमची झडप, मग पडदा, मग आयडलिंग, आणि शेवटी बेल्ट. पाइप वाकवून बघा, कारण चिरा वाकवल्यावरच उघडतात. हातपंपाने व्हॅक्यूम द्या. काटा लगेच पडला तर गळती आहे. टेप गुंडाळू नका, पाइप बदला. चोक ओढलेला असताना दांडा टाकू नका, इंजिन शांत होऊ द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात:

दांडा ‘पुढे’ वर ठेवून गाडी उतारावर सोडणं. इंजिन बंद असताना सेंट्रिफ्यूगल क्लच सुटलेला असतो, त्यामुळे गाडी धरून ठेवणारं काहीच नसतं. हँडब्रेक ओढा आणि तो नीट धरतो याची खात्री करा.

चढावर एक्सलेटरने गाडी तोलून धरणं. क्लचचे शू जळतात.

मागे एक नवा, एक गुळगुळीत टायर घालणं. वर सांगितलेलाच बेल्टचा झगडा.

घाटात नुसत्या ब्रेकवर उतरणं. डॅशबोर्डवरचं खालच्या रेशोचं बटण त्यासाठीच आहे.

रिव्हर्समध्ये उगाच जोर काढणं. ही गाडी मागेही पुढच्याइतकीच वेगाने पळू शकते. डच टीव्हीवर उलट्या शर्यती लावून कितीतरी डॅफ भंगारात घातल्या गेल्या, त्यात भर नको.

‘रबरी बेल्ट म्हणजे खेळणं’ असं म्हणणाऱ्यांसाठी: १९६८ च्या लंडन–सिडनी रॅलीत डॅफ ५५ होत्या, आणि ती रॅली रस्त्याने मुंबईपर्यंत येऊन पुढे बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली.

१९७२ ची डॅफ ६६ मात्र वेगळी आहे. तिला मागे डी डिऑन ॲक्सल (दोन्ही चाकं आडव्या नळीने जोडणारा) आणि डिफरन्शियल आहे, म्हणून तिचे भाग ५५ ला बसतील असं गृहीत धरून मागवू नका.