फिल्टर एका फाइलला लागतो आणि दुसरीला नाही: माझा पहिला खरा बग

कर्नल ट्रेसिंगमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात काय काय घडतं त्याची नोंद घेण्याच्या कामात, शिरायचं असेल तर आधी फाइल वाचणाऱ्या टूलवर काम करा असं मी ज्युनिअर पोरांना सांगतो, कारण तिथं चुकलात तरी मशीन हँग होत नाही. मी पण असाच शिरलो. सांगलीत विश्रामबागला घरून काम, कंपनीचं एक छोटं कमांड-लाइन टूल होतं, ट्रेस-सीएमडी या लिनक्सच्या ट्रेसिंग टूलच्या ट्रेस डॉट डॅट फाइली वाचून इव्हेंट (कर्नलमधल्या एकेका घटनेची नोंद) छापणारं, आणि तक्रार अशी की फिल्टर लावून होस्ट (खरं मशीन) आणि व्हीएम (त्यावर चालणारं आभासी मशीन) यांच्या दोन फाइली एकदम दिल्या की होस्टची बरोबर गाळून येते, व्हीएमची मात्र भलतंच काहीतरी दाखवते. एरर काहीच नाही.

दोन दिवस मी कोडमध्ये जागोजागी प्रिंटएफ टाकून काय छापलं जातं ते बघत बसलो, वाया गेले. तिसऱ्या दिवशी अक्कल आली आणि छोट्या फाइली बनवल्या: सुडो लावून ट्रेस-सीएमडी रेकॉर्ड, डॅश ई शेड (शेड्युलरचे इव्हेंट), पुढे स्लीप १, एकदा लॅपटॉपवर आणि एकदा वेगळा कर्नल असलेल्या व्हीएममध्ये. मग फिल्टर फक्त शेड-स्विचचा (सीपीयू एका कामावरून दुसऱ्यावर जातो तो इव्हेंट) दिला तर व्हीएमच्या फाइलमधून शेड-स्विच गायब आणि दुसरेच इव्हेंट हजर!

त्याच वेळी काकांचा फोन, ते मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला असतात. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, काका, १२ नंबरचा लॉट कितीला गेला? तर म्हणाले, "कुठल्या अडतीतला १२ नंबर ते सांग की आधी." तिथंच ट्यूब पेटली. इव्हेंटचा आयडी, म्हणजे त्याचा नंबर, कायमचा ठरलेला नसतो, कर्नल बदलला की बदलू शकतो. कर्नलच्या ट्रेसिंगच्या इव्हेंट्स फोल्डरमध्ये शेड-स्विचची फॉरमॅट फाइल उघडून बघा, पहिल्या दोन ओळींतच दिसतो. माझ्याकडं एकीकडं ३१४ होता, दुसरीकडं ३०९. आमचं टूल फिल्टर पहिल्या फाइलवर पार्स करायचं (वाचून त्याचा अर्थ लावायचं), नावाचा आयडी करायचं आणि तोच तयार फिल्टर दुसऱ्या फाइलला चिकटवायचं. इव्हेंट वाचायच्या लिबट्रेसइव्हेंट लायब्ररीत म्हणूनच फिल्टर बनवतानाच टेप हँडल (टीईपी, इव्हेंटांची माहिती धरणारा) द्यावा लागतो, म्हणजे हा फिल्टर कुठल्या फाइलचा ते आधीच ठरतं, आम्ही त्यालाच बगल दिली होती.

नियम काय असावा यावर वाद घालत बसलो नाही, ट्रेस-सीएमडी रिपोर्टच्या मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) सरळ लिहिलंय: डॅश आयच्या (फाइल देणारा ऑप्शन) आधी दिलेला डॅश एफ (फिल्टर देणारा ऑप्शन) सगळ्या फाइलींना, नंतरचा फक्त त्या फाइलला. तेच उचललं. ऑप्शन वाचताना फिल्टर नुसता स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून ठेवायचा, सगळ्या फाइली उघडल्या की प्रत्येकीसाठी नव्यानं पार्स करायचा, आणि एखाद्या फाइलमध्ये तो इव्हेंटच नसेल तर फाइलचं नाव घेऊन वॉर्निंग द्यायची. कोड जेमतेम चाळीस ओळी, टेस्ट त्याहून मोठी, आणि टेस्टमध्ये फाइलींचा क्रम उलटा करून पण चालवा, माझी पहिली टेस्ट नेमकी तसं न केल्यामुळंच खोटी पास होत होती.

भडंग खात पॅच (कोडमधला बदल) पाठवला, एकदम ऐटीत. रिव्ह्यूमध्ये सीनियर मॅडमनी एकच ओळ लिहिली: डॅश व्हीचं काय? तो त्याच्या नंतरच्या फिल्टरना उलटं करतो, जुळणारे इव्हेंट वगळतो, आणि मी स्ट्रिंग साठवल्या पण कुठली डॅश व्हीच्या आधीची आणि कुठली नंतरची हे साठवलंच नव्हतं, त्यामुळं सगळेच उलटे होत होते. दुसऱ्या व्हर्जनला प्रत्येक स्ट्रिंगसोबत एक फ्लॅग (उलटं करायचं की नाही याची खूण) ठेवला, मग मर्ज झालं, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलं गेलं.