आई-लेकरांचे आकडे वाचायचे कसे? आधी विचारा, कितीपैकी?

८ मार्च आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर आकड्यांचा पाऊस पडतो. मागच्या वेळी चुलत दिरांनी टाकलं, "जळगाव जिल्ह्यात १००० लोकांमागे फक्त ८४२ बायका", खाली तीन रडके इमोजी, आणि मग सगळ्यांचं अरेरे सुरू. आकडा खरा, वाक्य पार चुकलेलं. ८४२ हा २०११ च्या जनगणनेतला, शून्य ते सहा वयाच्या १००० मुलग्यांमागे मुली किती, याचा आकडा. सगळ्या वयाच्या धरल्या तर जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ९२५ बायका निघतात. आणि खरं म्हणजे ८४२ ही जास्त वाईट बातमी आहे, कारण मोठ्या माणसांचं प्रमाण जुन्या काळाचं असतं, लहान लेकरांचं प्रमाण सांगतं की अलीकडे सोनोग्राफीच्या खोलीत काय चाललं होतं. ज्या नंदुरबारला सगळे मागास म्हणतात तिथे त्याच वर्षी हाच आकडा ९४४ होता, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

तर असा आकडा समोर आला की मी काय करते ते सांगते. गणिताची पदवी लागत नाही, वही आणि थोडा संशय पुरतो.

पहिलं म्हणजे कितीपैकी ते शोधायचं. महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा ३३ होता (२०१८-२० चा) आणि अर्भकमृत्यूचा, म्हणजे वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांचा, १६ (२०२० चा). दोन्ही शेजारी ठेवले की वाटतं आया लेकरांच्या दुप्पट दगावतात. पण ३३ हे एक लाख जिवंत जन्मांमागे आणि १६ हे फक्त हजारामागे, म्हणजे लाखाच्या हिशोबात १६००. एका ओळीत सगळं चित्र उलटं होतं! आणि लाखात ३३ म्हणजे १० हजार जन्मांत साधारण तीन, त्यामुळे एखाद्या तालुक्यात यंदा दोन झाले नि पुढच्या वर्षी पाच झाले तर "मातामृत्यू अडीचपट" अशी बातमी होते, जी आकड्यापुरती बरोबर असली तरी त्यावरून काही ठरत नाही. म्हणून तर हा राज्याचा आकडा तीन वर्षं एकत्र करून काढतात.

दुसरं, मोजलं कुठे. हे आपल्याकडे फार महत्त्वाचं, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माची नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे, सासरच्या गावात नाही. माझ्या दोन्ही पोरांची नोंद माझ्या माहेरच्या तालुक्यात आहे, सासरच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला ती जन्मलीच नाहीत. त्यात तालुक्याच्या गावी दवाखाने, म्हणजे शहरात जन्म फुगलेले आणि खेड्यात पाळणाच हलत नाही असं दिसतं. गावात जन्म कमी झाले असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, पोरी बाळंतपणाला गेल्या कुठे? धुळ्याचे जुने आकडे पाहत असाल तर आणखी एक खड्डा आहे, १ जुलै १९९८ च्या आधीच्या धुळ्यात नंदुरबार आहे. १९९१ चं धुळं आणि २०११ चं धुळं शेजारी ठेवून "लोकसंख्या घटली" म्हणणारा महाभाग मी डोळ्यांनी पाहिलाय.

जननदराचं थोडक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आणि देशाचा २.०. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणे सात दशांश पोरगं कसं असतं ते दाखव. त्यांची पाच. पण हा आकडा त्यांच्या पिढीचा नाहीच, आज वेगवेगळ्या वयाच्या बायकांना ज्या वेगाने मुलं होताहेत त्याच वेगाने एखादी पोरगी १५ ते ४९ वय पार करेल तर तिला सरासरी किती होतील, असा तो जर-तरचा हिशोब आहे. २.१ च्या (म्हणजे आईबापांची जागा भरून निघेल एवढ्या आकड्याच्या) खाली गेला की लोकसंख्या लगेच घटते असंही नाही, आधीच्या मोठ्या पिढीच्या पोरी अजून आई व्हायच्या असतात.

आता माझ्या आवडीचा भाग, घरकामाचा वेळ. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत बायका दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं सगळीकडे छापून आलं. आमचे हे खूश, म्हणे बघ, दीड तास करतोच की आम्ही! पण ही सरासरी त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांचीच आहे. अशा बायका ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. ज्यांनी काडी उचलली नाही त्यांनाही धरा, मग बायकांची २४३ मिनिटं आणि पुरुषांची २५. शिवाय पाणी भरणं आणि सरपण आणणं या २९९ मध्ये नाहीच, त्याचा खाना वेगळा, मुलांना नि म्हाताऱ्यांना सांभाळायचा त्याहून वेगळा. नंदुरबारच्या डोंगरात धडगावकडे डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईची ती पायपीट या आकड्यात शोधू नका.

हे घरी करून बघा, एका दिवसाचं काम आहे. पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ खाने आखायचे, ती पाहणीही असेच खाने धरून केली होती. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची वेगळी रांग. रोजचा दिवस घ्या, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात तो दिवस नको, आणि बिबड्या-कुरडयांचा (उन्हाळी वाळवणाचा) दिवसही नको, तो हवा तर वेगळ्या पानावर. आणि "तुम्ही काय काम करता" असं चुकूनही विचारू नका. मी मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "काही नई, घरमाच ऱ्हास" (काही नाही, घरातच असते). मग विचारलं, मावशी, पाच वाजता काय करत होतीस? तर झाडलोट, मग म्हशीचं शेण, मग चहा, मग कळण्याचं पीठ मळलं, आणि साडेआठपर्यंतचे खाने भरून गेले तरी तिच्या मते ती अजून घरीच होती.

एका खान्यात दोन कामं असतील तर दोन्ही लिहा आणि मुख्य कोणतं ते त्याच माणसाला विचारा. इथेच भांडणं होतात. आमच्या ह्यांनी संध्याकाळी दोन तास "मुलाला सांभाळलं" लिहिलं, पोरगं शेजारी होतं आणि हे मोबाइलमध्ये. आणि मोठ्या जाऊबाईंच्या दुपारी अडीचच्या खान्यात "टीव्ही", पुढे काही नाही. मी तेव्हा समोरच बसले होते, त्यांच्या मांडीवर ताट होतं आणि त्या शेंगा सोलत होत्या. म्हटलं ते पण लिहा ना वहिनी, तर म्हणाल्या, अगं ते काय काम आहे का?