अणूचा इतिहास शिकताना: डाल्टन आणि थॉमसनच्या मधली वर्षे

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना मी आग्रहाने सांगते, अणूचा इतिहास म्हणजे प्रतिकृतींचा तक्ता नव्हे. डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड, बोर ही रांग आपण शाळेपासून ऐकतो. पण डाल्टनचा ग्रंथ 1808 चा आणि थॉमसनचा इलेक्ट्रॉन 1897 चा. मधली जवळपास नव्वद वर्षे कुठे गेली? अणुसिद्धान्त खऱ्या अर्थाने तिथे घडला.

माझा बराचसा अभ्यास डोंबिवली ते माटुंगा लोकलमध्ये झाला. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, म्हणून एखादा प्रश्न मनाशी धरून उभी राहायचे. सर्वांत जास्त पुरलेला प्रश्न हा: पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू दोन, हे ठरवले कसे?

डाल्टनने एकच धरला होता. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकास एक अणू मानायचा, हा त्याचा नियम. आता वही घ्या. पाण्यात 1 ग्रॅम हायड्रोजनमागे सुमारे 8 ग्रॅम ऑक्सिजन असतो. एकास एक धरले तर ऑक्सिजनचा अणुभार 8 येतो, हायड्रोजन दोन धरले तर 16. नुसत्या तराजूवर हा वाद मिटतच नाही! हे स्वतः मांडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाट वायूंच्या आकारमानातून निघाली. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन मिळून दोन भाग वाफ होते. 1811 मध्ये अ‍ॅव्होगॅड्रोने सुचवले की समान तापमानाला व दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, आणि ऑक्सिजनचा रेणू दुभंगू शकतो. म्हणजे वाफेच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचा एक अख्खा रेणू आणि ऑक्सिजनचा अर्धा रेणू येतो; हे रेणू दोन-दोन अणूंचे धरले की पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन. पण एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना धरून का राहतील, हे तेव्हाच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना पटेना. परिणामी गोंधळ इतका माजला की जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने 1861 च्या पुस्तकात अ‍ॅसेटिक आम्लाची (व्हिनेगरमधल्या आम्लाची) तेव्हा वापरात असलेली 19 सूत्रे दिली. 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारोने अ‍ॅव्होगॅड्रोची बाजू लावून धरली. तरुण मेंडेलीव्ह तिथे हजर होता. सुधारलेल्या अणुभारांशिवाय त्याची 1869 ची आवर्तसारणी उभी राहिली नसती.

तरीही अणू खरे की केवळ हिशेबाची सोय, ही शंका उरलीच. ती फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेराँच्या 1908 च्या सुमारच्या प्रयोगांनी संपवली; त्यांत त्याने द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालीवरून रेणूंची संख्या काढली. रुदरफोर्डकडे यानंतर वळा. सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग मग वेगळाच दिसतो.

मुंबईत असाल तर टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) 'चाय अँड व्हाय' व्याख्यानांना जा. विषय कोणताही असो, 'हे कळले कसे?' असे विचारायची सवय तिथे लागते. मूळ लेखन वाचायचे असेल तर कानिझारोच्या 1858 च्या निबंधापासून सुरुवात करा. जिनोआतल्या विद्यार्थ्यांना तो कसा शिकवत असे, तेच त्यात लिहिले आहे. इंग्रजी भाषांतर मिळते, आणि पहिल्या वर्षाच्या गणितावर ते सहज समजते.